पहिल्या पानावरचं दुकान

मिस्त्रींना गिऱ्हाइकांची हाव कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला या वयात नेटवर पहिला नंबर कशाला हवा होता? शिलाई मशीनं दुरुस्त करणारा माणूस. उभी हयात तेलाच्या पिचकारीत आणि सुयांच्या डब्यांत गेलेली. दुकान एवढंसं, की दोन मशीनं आत आली की तिसऱ्याला दारात उभं राहावं लागे. बायको गेल्यापासून घर मात्र अंगावर यायला लागलं होतं. त्यांना हवा होता मुलाचा फोन. बस्स, एवढंच.

मुलगा दूर, दुसऱ्या शहरात. लहानपणी त्याला टिल्लू म्हणायचे. आता दुकानाच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं, तरी टिल्लूच. त्याचं काम काय, तर लोकांच्या वेबसाइट वर आणायच्या. म्हणजे समजा कुणी नेटवर दातांचा डॉक्टर शोधला, तर शंभर डॉक्टरांतून आपलाच डॉक्टर पहिल्या पानावर दिसला पाहिजे, याची सगळी खटपट. "दुसऱ्या पानावर कोण जातंय, बाबा?" तो म्हणायचा. "तिथे असलं काय आणि नसलं काय, सारखंच."

आई गेली तेव्हा तो आला, थोडा राहिला, आणि निघायची वेळ आली तशी त्याची घालमेल सुरू झाली. बापासाठी काहीतरी करून जावं असं त्याला वाटत होतं. आता ज्याला जे येतं तेच तो करणार ना? त्याने दुकानाची वेबसाइट काढली, मिस्त्रींच्या मोबाईलवर ती कशी उघडायची ते शिकवलं आणि गेला.

पुढचे काही आठवडे मिस्त्रींचे फार छान गेले. कारण साइटवर मजकूर घालायचा होता आणि तो मिस्त्रींच्या डोक्यात होता. टिल्लूचा रोज संध्याकाळी फोन.

"बाबा, गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिलं काय बोलतं?"

"म्हणतं, मिस्त्री, दोरा सारखा तुटतोय हो."

"शिलाई मशीन दुरुस्त करून हवंय, असं नाही म्हणत?"

"अरे, असं कोण बोलतं? ते पाटीवर लिहायला असतं."

"हेच तर! लोक नेटवरही तसंच शोधतात. पाटीवरचं नाही, तक्रार शोधतात. सांगा पटापट, अजून काय काय म्हणतात?"

मग काय, मिस्त्रींची कळी खुलली. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, खालून गुंता का होतो, मशीन जड का चालतं, खडखड का करतं. एकेका तक्रारीचं एकेक पान. मिस्त्री दिवसभर गिऱ्हाइकांचं बोलणं ध्यानात ठेवत आणि संध्याकाळी त्याला ऐकवत. मधेच टिल्लू विचारायचा, "जेवलात का?" मधेच म्हणायचा, "आई तुम्हाला सुई ओवून द्यायची ना शेवटी शेवटी?" मिस्त्री म्हणायचे, "हो रे, मला दिसायचंच नाही." असं बोलणं त्या बापलेकांत जन्मात झालं नव्हतं. दोघांच्या मधे मशीन होतं म्हणून ते झालं.

मग पानं पूर्ण झाली. साइट चालू झाली आणि फोन बंद पडला.

भांडण नाही, तंटा नाही. विचारायचं संपलं, एवढंच. मिस्त्रींनी आपण होऊन फोन केला की टिल्लू म्हणे, "मीटिंगमध्ये आहे, बाबा, करतो नंतर." ते 'नंतर' काही उजाडायचं नाही. साइटवरून कुणी चौकशी केली तर ती टिल्लूकडे जायची. तो तिला लगेच उत्तर द्यायचा आणि मिस्त्रींना मेसेज टाकायचा: 'बाबा, उद्या एक बाई येतील, टाका सुटतो.' पुढे ना कसे आहात, ना काय. मिस्त्री तो मेसेज चष्मा वर-खाली करून वाचत आणि मग पुन्हा वाचत. टाका सुटतो याच्यापुढे त्यात काही निघत नसे.

पण एक गोष्ट टिल्लू बोलून गेला होता आणि ती मिस्त्रींनी मनात धरून ठेवली होती. "साइटवर कोणीही आलं ना बाबा, की मला इथे बसून दिसतं. कुठून आलं, किती वेळ थांबलं, कुठलं पान वाचलं, सगळं."

सगळं दिसतं म्हणतोस? मग ठीक आहे, म्हणाले मिस्त्री.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायचं, फडकं मारायचं, चहा घ्यायचा आणि मोबाईल काढून साइटवर जायचं. जाण्याआधी हा गृहस्थ केसांवरून कंगवा फिरवायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा! तोंड दिसत नाही हे काय त्यांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण मुलाकडे जायचं तर गबाळ्यासारखं कसं जाणार? एकेक पान उघडून सावकाश वाचायचं. दोरा तुटण्याच्या पानावर जरा जास्त थांबायचं, कारण ते पान त्यांच्या बोलण्यातून शब्दन्‌शब्द उतरलं होतं. मी आलो होतो, बरा आहे, हे सांगायची त्यांची ती रीत झाली. आज ना उद्या टिल्लू म्हणेल, काय बाबा, रोज येता, मला दिसता हं!

टिल्लू काही म्हणाला नाही.

शेजारी झेरॉक्सचं दुकान. ते चालवणारी बाई तोंडाची फटकळ, पण मनाची साफ. तिला मिस्त्री एक दिवस मोठ्या रुबाबात म्हणाले, "ताई, बघ, आपलं दुकान पहिल्या पानावर पहिलं." आणि मोबाईल पुढे केला.

तिने आपल्या कॉम्प्युटरवर तेच शोधलं. पहिल्या पानावर मिस्त्री नाहीत. दुसऱ्यावर आहेत, तेही तळाला.

"काका, तुमच्या मोबाईलला तुमची सवय झालीय," ती म्हणाली. "तुम्ही रोज तिथेच जाता, म्हणून तो तुम्हाला तुमचंच दुकान वर दाखवतो. लाडावलाय तो."

मिस्त्री हसले खरे, पण मनातून खट्टू झाले. दुसरं पान, तेही तळाला. तरी म्हटलं, असू दे, मुलाला तर आपण दिसतोच आहोत ना.

मग एकदा त्यांना रागच आला. अहो, यायचा का नाही? सर्दीने डोकं भणभणत असतानासुद्धा माणूस त्या साइटवर जाऊन येतो, आणि समोरून एका शब्दाने ओळख नाही! त्यांनी ठरवलं, जायचंच नाही. बघू, चुकल्यासारखं होतंय का त्याला. बाबा आज आले नाहीत, कालही नाहीत, बरे आहेत ना, असं वाटून तरी फोन करील.

मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला. वाजला तर ऐकू यावा म्हणून ड्रॉवर मात्र उघडाच ठेवला. आठवडा गेला, वर दोन-चार दिवस गेले. ड्रॉवरमधून आवाज नाही. शेवटी म्हातारा हरला. स्वतःच फोन लावला आणि स्वर जमेल तितका साधा ठेवून विचारलं, "अरे, साइट नीट चालू आहे ना? इतक्यात काही कमी-जास्त झालं का?"

टिल्लू नेमका मोकळा सापडला. "छे, उलट वाढतंय, बाबा! आणि आकडा एकदम शुद्ध आहे बरं का. तुमचा मोबाईल मी त्यातून आधीच वगळलाय."

"वगळलाय म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही साइट कितीही वेळा बघा, ते मोजलं जात नाही. सगळेच असं करतात. नाहीतर मालक स्वतःच दिवसातून दहादा बघतो आणि खूश होतो, गिऱ्हाइकं वाढली म्हणून! घरचे वगळायचे, बाहेरचे मोजायचे."

"कधी वगळलंस?"

"तेव्हाच. साइट घालून मोबाईल तुमच्या हातात परत द्यायच्या आधी. का हो?"

"काही नाही. चांगलं केलंस," मिस्त्री म्हणाले. "ठेवतो. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक कुठलं आलंय! दुकानात ते आणि एक उघडं पडलेलं मशीन. रोज सकाळी कंगवा फिरवून आपण कुणाकडे जात होतो, असं त्यांच्या मनात आलं. स्वतःचं हसूही आलं, शरमही वाटली आणि मुलाचा रागही आला. रागावण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं. हिशेबाला धरून होतं सगळं. त्यामुळे तर जास्तच लागलं.

बराच वेळ बसून राहिल्यावर ते उठले आणि झेरॉक्सच्या दुकानात गेले. "ताई, तुझा कॉम्प्युटर जरा देतेस? एक चौकशी करायचीय. उत्तर तुझ्या दुकानाच्या मेलवर येऊ दे."

"करा की, काका. मला या कागदांतून डोकं वर काढायला फुरसत नाही."

बाहेरचेच दिसतात ना? मग बाहेरचे होऊन जाऊ.

त्यांनी साइट उघडली, चौकशीचा कप्पा उघडला. नावाच्या जागी लिहिलं, 'एक गिऱ्हाईक'. खाली एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'घरात जुनं पायाचं मशीन आहे. बायकोचं होतं. दोरा तुटतो. होईल का दुरुस्त?'

पाठवलं आणि उठायला गेले, तोच उत्तर आलं. इतक्या लवकर! बापाला महिनोन्‌महिने न मिळालेलं उत्तर परक्याला बसल्या जागी मिळालं.

'नमस्कार. नक्की होईल. आधी सुई उलटी बसली नाहीये ना ते बघा, पुष्कळदा तेच असतं. तरी तुटला तर दुकानात घेऊन या. माझे वडील स्वतः बघतात. त्यांच्या हातून मशीन बिघडलेलं परत गेलंय असं मी पाहिलेलं नाही.'

मिस्त्रींनी ते वाचलं. असं हा मला कधी बोलला नाही, त्यांच्या मनात आलं. बोट पुन्हा अक्षरं शोधू लागलं. 'तुमचे वडील फार बोलतात असं ऐकलं. मला घाई असते.'

या वेळी उत्तराला वेळ लागला. मिस्त्रींना वाटलं, गेला असेल मीटिंगला. बाई मागे खटाखट कागद काढत होती. मग उत्तर आलं, आणि ते लांब होतं.

'हो, बोलतात. पण तुम्हाला जमलं तर थोडा वेळ बसा त्यांच्यापाशी, ही माझी विनंती समजा. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत. मी लांब असतो. साइटचं काम होतं तोपर्यंत रोज फोन करायचो, विचारायला काहीतरी असायचं. आता फोन हातात घेतो आणि काय बोलावं तेच सुचत नाही. मग मीटिंग आहे असं सांगतो. तुम्ही अनोळखी आहात म्हणून लिहिलं. त्यांना सांगू नका.'

"काय हो काका, झाली का चौकशी?" बाईने विचारलं.

"झाली," मिस्त्री म्हणाले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग एका बोटाने लिहिलं: 'उद्या सकाळी येतो. बसेन.'

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मेसेज नव्हे, फोन.

"बाबा, कामात आहात का?" टिल्लूचा आवाज जरा चाचरत होता. "एक गिऱ्हाईक येणार होतं सकाळी. बायकोचं मशीन आहे म्हणत होते. आले होते का?"

मिस्त्रींच्या समोर गिऱ्हाइकाचं स्टूल होतं, सकाळपासून रिकामं. खरं सांगावं असं तोंडाशी आलं होतं. अरे वेड्या, तो मीच होतो. पण मग ते पत्र आपण वाचलं हे त्याला कळणार, तो शरमेल, आणि पुन्हा मीटिंगा सुरू होतील.

"आले होते की," ते म्हणाले.

"बसले का जरा?"

"चांगले बसले. चहा घेतला. घाईचा माणूस वाटला होता, पण तसा नाही निघाला."

"काय बोललात एवढं?"

"तुझंच बोललो. लहानपणी तू मशीनखाली जाऊन बसायचास, ते सांगितलं."

पलीकडून हसू ऐकू आलं. केवढ्या दिवसांनी ऐकलं होतं ते! "मशीनला झालंय काय पण?" टिल्लूने विचारलं. "सुई उलटी होती?"

"नाही रे, सुई नव्हे. आतलं काहीतरी आहे. बघावं लागेल."

"म्हणजे पुन्हा येतील ना ते?"

"येतील. एका फेरीत व्हायचं काम नाही ते."

"मग मी उद्या करतो फोन," टिल्लू म्हणाला. "काय झालं ते सांगा मला. नक्की सांगा."

"कर," मिस्त्री म्हणाले.

फोन ठेवून ते बराच वेळ रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून बसले, त्या मशीनला उद्या काय झालेलं असावं ते ठरवत.