पहिला कप पाहुण्यांचा

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर काळवंडून बसलेली ही चांदीची चहादाणी म्हणजे मीच. ट्रेलॉर्न हवेलीतल्या सगळ्यांहून मी वयानं मोठी, तेव्हा माझं थोडं ऐकून घ्या.

लंडनच्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. लग्नाचा आहेर म्हणून मी कॉर्नवॉलमधल्या या घरी आले. दुपारचे चार वाजले की दिवाणखान्यात माझी स्वारी निघायची. काकडीची सँडविचेस, स्कोन नावाचे गरम, गोडसर पाव, दाट साय, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि मधोमध मी! पाहुणे तोंडभरून कौतुक करत आणि मी तोटी वर करून ऐकत असे.

घरची मालकीण स्वतः माझ्यात पत्ती घाली आणि स्वतःच सर्वांना चहा ओते. ही मालकीण, म्हणजे लहानग्या मॉर्वेनाची आई, वारली, तेव्हा हे काम त्या पोरीनं घेतलं. एवढीशी पोर, पण आईच्या खुर्चीत ताठ बसायची. तिच्यावर माझी फार माया.

मग तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी बायको हॅरिएट नदीपलीकडच्या डेव्हन परगण्याची. पहिल्याच दिवशी तिनं स्कोनवर आधी साय लावली आणि वर जॅम! आमच्याकडे जॅम आधी. स्वयंपाकीण पॅस्कोबाई दाराआडून कुजबुजली, "अगं बाई! ही तर कोटावर सदरा घालणाऱ्यांतली!"

"आता हॅरिएटला ओतू दे, बाळा," वडील म्हणाले.

"ही आईची खुर्ची आहे," मॉर्वेना म्हणाली.

"असू दे हो," हॅरिएट हसली. "माझे हात मोकळे राहिले तर दोन स्कोन जास्तच खाईन."

पण तिची नजर माझ्यावरून हलेना. वर्ष उलटलं, तरी बिचारी आपल्याच घरात पाहुणी राहिली.

एके दिवशी पाद्रीसाहेबांच्या बाई चार शेजारणींना घेऊन चहाला आल्या. बाईंची जीभ म्हणजे कात्री. मॉर्वेना गडबडली. माझ्यात उकळतं पाणी पडलं, पण पत्ती घालायची राहूनच गेली. मी ओरडून सांगणार कशी? तिनं पहिला कप भरला, तर कपात नितळ पाणी! पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. पाद्रीणबाईंनी कपासाठी हात पुढे केला.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या हॅरिएटनं तो कप उचलला, त्यात भरपूर दूध ओतलं आणि मिटक्या मारत पिऊन टाकला.

"वा, काय चहा झालाय!"

"पहिला कप पाहुण्यांचा असतो," पाद्रीणबाई म्हणाल्या. "डेव्हनमध्ये उलटं असतं वाटतं?"

"काय करणार, आम्ही पडलो हावरट!" हॅरिएट म्हणाली. "मॉर्वेना, जरा निवलाय गं. आतून ताजा करून आणतेस?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. पोरीची फजिती हॅरिएटनं आपल्या अंगावर घेतली होती, आणि हे फक्त आम्हा तिघींना ठाऊक होतं.

मॉर्वेना मला घेऊन आत गेली. डोळे पुसत तिनं पत्ती घातली. परत आली ती खुर्चीकडे वळलीच नाही. तिनं मला हॅरिएटपुढे ठेवलं आणि माझी मूठ तिच्या हाताकडे फिरवली.

"आजपासून तुम्ही ओता," ती म्हणाली. "पण पाहुण्यांना आधी हं!"

हॅरिएट ओतताना मॉर्वेनाकडेच बघत राहिली, आणि निम्मा चहा बशीत गेला. कॉर्नवॉलमध्ये एवढा गोड सांडलेला चहा मी दुसरा पाहिला नाही.

आता या घरात कागदी पुडीचा चहा मगमध्येच होतो. मला पेन्शनरासारखं वर बसवून ठेवलंय. मित्रांनो, जुनी भांडी जपा, पण वापरून जपा. आणि तुमच्या घरात कुणी फार दिवस पाहुण्यासारखं बसून असेल, तर चहा ओतायला चहादाणी त्याच्या हाती द्या. थोडा सांडला, तर सांडू द्या.