तोताराम पहिलवानांची पाठ

“एवढंच म्हणायचं, भटूभाऊ. पहिलवान आपणहून पडले.”

भटूने सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली आणि तो बुडबुड्यांची वाट पाहू लागला. समितीचे लीलाधर वकील जळगावातून पिंप्राळ्यापर्यंत उन्हात चालत आले होते. वकील स्वतः चालत आला, म्हणजे अडलेलं काम त्याचं आहे, एवढं भटूला कळत होतं.

“म्हंजे मी जिंकलो नही?”

“जिंकलात ना! त्यांनी जिंकू दिलं, म्हणून जिंकलात. यात कमीपणा काय?”

भटूने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे वकिलांना कळू नये अशी त्याने काळजी घेतली.

धुळ्याचे तोताराम पहिलवान म्हणजे खानदेशाचं नाव. द्वैभाषिक राज्य झालं त्या हिवाळ्यात त्यांनी भरसभेत शपथ घेतली, की संयुक्त महाराष्ट्र मिळेपर्यंत सरकारी माणसाच्या हातून फेटा बांधून घेणार नाही. आता जत्रेतली रीत अशी, की शेवटची कुस्ती जिंकणाऱ्याला पाहुण्यांनी फेटा बांधायचा. आणि तीन वर्षांपूर्वी सावद्याच्या जत्रेला पाहुणे म्हणून नेमके एक उपमंत्री आले. त्यामुळे लोक कुस्ती बघायला नव्हे, नकार बघायला जमले होते. मधे कुस्ती होती, ती नाइलाज म्हणून. ठरलेला मल्ल आयत्या वेळी आला नाही, तेव्हा नुसत्या नारळाच्या बक्षिसावर फुटकळ कुस्त्या खेळणारा भटू समोर उभा केला गेला. त्याने पडायचं होतं, लोकांनी श्वास रोखायचा होता आणि पहिलवानांनी नको म्हणायचं होतं.

भटूने ढाक मारली आणि पहिलवानांना आस्मान दाखवलं.

मैदान इतकं गप्प झालं की भटूला वाटलं, आपल्या हातून काही गुन्हा झाला. उपमंत्र्यांनी त्याला फेटा बांधला. तोही इतक्या आनंदाने, की भटूलाच संशय आला.

आधी समितीवाल्यांनी भटूला सरकारचा माणूस ठरवलं. मग कुणाला तरी सुचलं, की फेट्याचा प्रश्नच येऊ नये म्हणून पहिलवान मुद्दाम पडले. केवढा हा त्याग! सरकारपक्षाचं म्हणणं, कुस्ती खरी, हार खरी, शपथ तेवढी तोंडची. पहिलवानांना विचारलं की ते मिशीला पीळ द्यायचे. त्या एका पिळाचे दोन्ही पक्षांनी दोन अर्थ लावले. यंदा काविळीने पहिलवान गेले आणि अर्थ तेवढे उरले. त्यातच नवं राज्य येणार हे आता सगळ्यांना दिसू लागलं होतं. धुळ्याच्या तालमीला पहिलवानांचं नाव द्यायची सभा ठरली होती. सावद्याला त्यांच्याबरोबर मातीत असलेला माणूस एकच, पंक्चर काढत बसलेला; सभेत साक्ष त्याचीच हवी होती.

दुपारी सरकारपक्षाचे गौतमचंद शेठ आले. कापडाच्या दुकानातून उठून ते सहसा कुठे जात नसत.

“भटूभाई, तू मर्दासारखा जिंकला, मर्दासारखा सांग. समितीचे लोक शपथेच्या नावावर तालीम घशात घालतील. आपल्याला काय, खरं तेच सांगायचं.”

वकीलही जाताना ‘खरं तेच सांगा’ म्हणूनच गेले होते. दोघांचं खरं इतकं तयार होतं, की भटूला स्वतःचं कुठे ठेवावं कळेना.

“इचार कसाना करतस?” भाकरी थापता थापता शेवंताबाई म्हणाली. “तुमीन पाडं ते पाडं!” गल्लीत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. पहिलवानाला पाडणाऱ्याची बायको, एवढंच. आणि तेवढ्यावर तिचं तीन वर्षं बरं चाललं होतं.

पण भटूला एक गोष्ट खुपत होती, ती त्याने तिलाही सांगितली नव्हती. ढाक मारली तेव्हा पहिलवानांचं अंग फार सहज आलं होतं, गाडीवरून कापसाचं बोचकं यावं तसं. आपला जोर की त्यांची मर्जी? मातीत उतरलेल्या माणसाला हे कळायला हवं. त्याला कळलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी तो धुळ्याला पहिलवानांच्या घरी गेला. त्यांच्या पत्नी मंदाबाई सुपात डाळ निवडत होत्या.

“वहिनी, एकच इचारतो. ते कधी काही बोलले का? सावद्याचं?”

मंदाबाईंनी उठून दार लोटलं.

“भाऊ, तुमीन खरंच पाडं त्यासले. सावद्याहून घर उनात ते तीन दिन कोनशी बोलनात नही. भित्तले मुक्का मारेत. लोके म्हनाले लागनात, मुद्दाम पडनात, तवय कुठे दोन घास खादात.”

“मंग त्यांनी सांगितलं का नही?”

“कोनले सांगतीन? लोके गळामा घालाले हार लई उनथात.” त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “तुमले जे सांगनं शे ते सांगा. मी काहीच म्हनत नही.”

भटू बाहेर पडला तेव्हा तीन वर्षांनी त्याची छाती वर आली होती. मोटारस्टँड येईपर्यंत ती टिकली. मग त्याच्या मनात आलं, बाईने आपल्याला हवं तेच कसं नेमकं दिलं? हातात आलेली वस्तू माणूस सोडू शकतो. न मिळालेलीच धरून बसतो. हे तिला ठाऊक असेल का? त्या घरात डाव काय फक्त पहिलवानांनाच येत होते?

त्याने उलटसुलट विचार केला. शेवटी एवढंच उरलं, की ती खरं बोलली असली तरी आणि खोटं बोलली असली तरी, उद्या माईकपुढे तिचा नवरा त्याच्या हातात असणार होता.

सभेत त्याला शेवटी उभं केलं. माईकला घाबरून तो जरा लांबच राहिला.

“पहिलवान आपल्या मनानं पडले,” तो म्हणाला. “माझ्यात तेवढा जोर नव्हता.”

टाळ्या झाल्या. इकडेतिकडे बघून गौतमचंद शेठनीही वाजवल्या.

“मंग फेटा कसा बांधी लिधा रे?” मागून कुणी ओरडलं.

“बांधा, त लिधा. मले कुठे शपथ व्हती?”

लोक हसले. बायकांच्या बाजूला मंदाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा काही दिसला नाही.

भटू पोहोचण्याआधी बातमी पिंप्राळ्याला पोहोचली होती. शेवंताबाईने ताट वाढलं.

“खरं काय शे?”

“बोललो ते.”

“मनी शप्पत?” तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

भटूने भाकरीचा तुकडा मोडला. “ताक शे का?” त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई सकाळी पाण्याला गेली नाही. उन्हं चढली, विहिरीवरच्या बाया घरोघर परतल्या, तेव्हा तिने घागर उचलली. भटूने दुकानाची फळी लावली, दुसरी घागर खांद्यावर घेतली आणि तिच्या मागोमाग निघाला. नको, असं ती म्हणाली नाही.