तीन कोपऱ्यांची शाल

मी मसूदाचा हातमाग बोलतोय. आता मी तिचा राहिलेलो नाही, पण दुसऱ्या कुणाचं नाव लावायला जीभ वळत नाही.

तिच्या सासऱ्यानं मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं आणि त्स्फात या डोंगराळ गावातल्या उतारावरच्या घरात खिडकीशी उभं केलं. समोर मेरोनचा डोंगर. हिवाळ्यात ढग सरळ घरात शिरत आणि लोकर ओलसर करून जात. मसूदा त्यांना कोंबड्या हाकलाव्यात तशी फडक्यानं हाकलायची.

आम्ही ज्यू लोकांच्या प्रार्थनेच्या शाली विणत असू. तिचे पाय माझ्या पट्ट्यांवर पडले की धोटा पळू लागे. शाल उतरली की तिचा नवरा हानानिया चारही कोपऱ्यांत दोरे ओवून गाठी मारी. ‘‘गाठी नसतील तर ती शाल नव्हे, चादर,’’ असं तो म्हणे. बाकी वेळ तो पोथ्यांत. एकेका अक्षरात देव लपलेला असतो म्हणे. हानानियाला तो सापडायचा, मिठाचा डबा मात्र जन्मात सापडला नाही.

त्यांना एकच मुलगा, अव्नेर. मोठा झाला तसा चित्रकारांच्या गल्लीत रमू लागला. एका शब्बाथला, ज्या दिवशी कुठल्याच कामाला हात लावायचा नाही त्या दिवशी, तो जेवायला बसला तेव्हा त्याचा अंगठा निळा होता.

‘‘हे काय?’’ हानानियानं विचारलं.

‘‘चित्र काढत होतो, बाबा. उजेड आजच सुरेख पडला होता.’’

हानानिया ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘‘मग त्या उजेडातच राहा,’’ एवढंच बोलला.

अव्नेर हैफाला निघून गेला. पुढे त्याचं लग्न ठरल्याचं कळलं. त्या दिवसापासून मसूदानं माझ्यावर त्याच्यासाठी शाल चढवली. तशी शाल मी पुन्हा विणली नाही. एक धागा जरा सैल वाटला तरी ती उसवायची, पुन्हा विणायची, आणि तोंडानं अखंड गुणगुणायची. विणून झाल्यावर तिनं ती नवऱ्यापुढे ठेवली.

‘‘गाठी मारा.’’

‘‘जो घालणार नाही, त्याच्यासाठी नाही मारणार.’’

‘‘घालेल की नाही ते त्याचं तो बघेल. तुम्ही बाप आहात ना?’’

हानानियानं पोथी उघडली. मसूदानं धोटा खुंटीला टांगला. ‘‘ठीक आहे. तुमची बोटं चालत नाहीत ना, मग माझे पायही चालायचे नाहीत.’’

आणि खरंच, तिनं मला हात लावणं सोडलं. लग्न झालं, शाल पेटीतच राहिली. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. जेवणात नुसतं रवाळ कुसकुस आणि गाजर येऊ लागलं, तरी दोघांपैकी कुणी नमेना. माझ्या फणीत कोळ्यानं जाळं धरलं. ती जवळून जाई तेव्हा मला वाटे, आता बसेल. ती फक्त झाडू मारून जायची.

मग एका वसंतात अव्नेर अचानक दारात उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘आई, हा बंद का?’’

‘‘तुझ्या बापाला विचार.’’

सगळं ऐकल्यावर तो हळूच म्हणाला, ‘‘नुसतं कापडच दे. तुझ्या हातचं आहे, मला तेवढं पुरे.’’

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. हानानिया बाहेर आला. ‘‘माझ्या घरातून चादर जायची नाही,’’ म्हणाला आणि दोरे घेऊन खिडकीशी बसला. ओठांत पुटपुटत त्यानं एक कोपरा बांधला, मग दुसरा, मग तिसरा. आणि शाल घडी करून मुलाच्या मांडीवर ठेवली.

मसूदा किंचाळलीच. ‘‘अहो, तीन? मेलेल्या माणसाच्या शालीच्या एका कोपऱ्याचे दोरे तोडतात! भरल्या घरात असलं काय करताय?’’

‘‘चौथा पुढच्या वेळी,’’ हानानिया मुलाकडे न बघता म्हणाला. ‘‘त्यासाठी तरी यावं लागेल त्याला.’’

अव्नेर हसला. त्याचे डोळे मात्र हसत नव्हते. त्याच संध्याकाळी, तो गल्लीचं वळण घेईपर्यंत मसूदा खिडकीत उभी होती. मग येऊन माझ्यावर बसली. मी इतका कुरकुरलो की ती म्हणाली, ‘‘झालं, आता तूही रुस!’’

अव्नेर येतो येतो म्हणत राहिला. आधी बाळ झालं, मग परदेशात प्रदर्शन होतं. हानानिया दर शुक्रवारी चौथ्या कोपऱ्याचे दोरे पांढरेशुभ्र धुऊन वाळत घालायचा. हिवाळ्यात एका पहाटे तो उठलाच नाही.

सुतकाच्या आठवड्यात अव्नेर जमिनीवर बसून होता. शाल त्यानं बरोबर आणली होती.

‘‘गावात शंभर जण आहेत गाठी मारणारे,’’ मसूदा म्हणाली. ‘‘कुणाकडूनही बांधून घे.’’

‘‘नको, आई. राहू दे तशीच.’’

मसूदाचे गुडघे गेले तेव्हा तो तिला कायमची न्यायला आला. तिनं नातवासाठी माझ्यावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा लावला होता; चार बोटं विणूनही झाली होती. तिला उचलून पायऱ्या उतरवाव्या लागल्या. जाताना तिनं माझ्या लाकडावर गाल टेकला.

आता मी चित्रकारांच्या गल्लीत, एका दुकानात असतो. मालक सज्जन आहे. त्यानं मसूदाचा ताणा तसाच ठेवलाय आणि वर पाटी लावलीय, ‘हात लावू नये’. लांबून आलेली माणसं माझ्यासमोर थांबतात, कुजबुजतात, फोटो काढतात. कुणी म्हणतं, इथे अजून काहीतरी पवित्र आहे. तेवढ्यात त्यांची बस निघते.

तुम्ही कधी आलात तर पाटीकडे बघू नका. बसा माझ्यावर. येत नसेल तर चुकत चुकत विणा. तेही जमत नसेल तर कात्री घ्या आणि हे धागे कापून टाका, मी रागावणार नाही. पण मला असं ताणलेलं ठेवू नका.