दिवे दोन होते

बेनीताने एलॉयच्या थोबाडीत मारली तेव्हा टेबलावरचं मिरच्यांच्या रश्श्याचं वाडगं कलंडलं आणि रस्सा त्याच्या मांडीवर सांडला. तो हललासुद्धा नाही.

"परत सांग. दोन दिवस कुठं होतास?"

"सांगितलं ना. उजेड आला. वर खेचलं मला."

त्याचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. डाव्या कानावर मळकं फडकं बांधलेलं होतं.

रविवारची प्रार्थना आटोपून सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये ठाण मांडून बसलं होतं. डेन्व्हरहून हॉल्ट नावाचा गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. उडत्या तबकड्यांनी उचलून नेलेल्यांच्या हकिगती गोळा करायच्या, हा त्याचा उद्योग. तो येऊन तास झाला नव्हता, तोवर गावात दोन तट पडले होते.

"माझ्या तीन गाई मेल्या," म्हातारा फाकुंदो म्हणाला. "जिभा कापून नेल्या, रक्ताचा थेंब नाही. ते कुणी केलं मग?"

"कोल्ह्यांनी," गॅरेजवाला दारिओ म्हणाला. "आणि दिवे तुला बाटलीच्या बुडाशी दिसले."

फाकुंदोने खुर्ची उचलली ती थेट दारिओच्या पाठीत घातली. दोघं फरशीवर लोळले. दारिओचा चष्मा फुटला, फाकुंदोच्या नाकातून रक्ताची धार लागली. चौघांनी मिळून त्यांना सोडवलं. टेप फिरतच होती.

बेनीता शाळेत विज्ञान शिकवायची. शुक्राला तबकडी म्हणणाऱ्यांची ती एरवी मस्त खिल्ली उडवायची, पण आज तिचं डोकं वेगळ्याच कारणाने फिरलं होतं. गुरुवारी ती आणि एलॉय पळून जाऊन लग्न करणार होते. बॅग घेऊन ती चार तास बसथांब्यावर बसली होती. अंधार पडताना एक पिकअप सुसाट गेली, तेवढीच. हा बाबा आलाच नाही. आणि आता आकाशाकडे बोट दाखवत होता.

तिचे दोन भाऊ भिंतीशी उभे होते. एलॉय त्यांच्याच गुरांवर गडी होता.

"सोड त्याला, बेनीता," थोरला रूबेन म्हणाला. "खरं बोलतोय तो. मीसुद्धा बघितलेत दिवे."

"तू?"

धाकटा तोबियास खाली बघून हसला. असल्या गोष्टी निघाल्या की थुंकणारा रूबेन आज साक्ष देत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाटकी मेला. फडक्याखाली काय आहे ते बघू दे सगळ्यांना."

एलॉयने तिचं मनगट धरलं. "नको, बेनी. पाया पडतो तुझ्या."

तिने हिसका दिला. फडक्याबरोबर खपलीही निघाली आणि रक्त मानेवरून वाहू लागलं.

कानाचं वरचं टोक सरळ छाटलेलं होतं. खालच्या कडेला त्रिकोणी खाच होती.

सहा वर्षांची असल्यापासून ती ही खूण बघत आली होती. तिच्या बापाच्या कळपातल्या प्रत्येक वासराच्या कानाला मालकीची खूण म्हणून हीच कातर असायची. ती वासराचं डोकं गुडघ्यांत धरायची, तोबियास पायांवर बसायचा आणि रूबेन कापायचा. वासरू एकदाच हंबरायचं, मग नुसतं थरथरत राहायचं. एलॉय आता तसाच थरथरत होता.

कुणाला दिसायच्या आत तिने कानावर तळवा दाबला. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. दुसऱ्या रांगेत शेरीफ घेवडा खात बसला होता, तो या भावंडांचाच मावसभाऊ. इथे तोंड उघडलं तर एलॉय सोमवार बघणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टेबलावर काटा पडला होता. तो उचलून रूबेनच्या गळ्यात खुपसावा असं तिला मनापासून वाटलं.

"काय आहे? बघू द्या," हॉल्ट उठला.

"भाजलंय. बसा तुम्ही. खरं बोलतोय तो. मी पण बघितलं."

"बाई, तूसुद्धा?" दारिओ कण्हला.

बेनीता टेपरेकॉर्डरजवळ वाकली. तळवा तिने काढला नव्हता.

"गुरुवारी अंधार पडताना. दिवे दोन होते, जमिनीलगत. बसथांब्यासमोरून गेले."

"आत कुणी होतं?"

"दोघं. एक उंच. दुसरा डावा पाय ओढत चालतो."

तोबियासने डावा पाय मागे घेतला. रूबेनने टेपकडे बघितलं.

"परत दिसले तर ओळखाल?"

"कुठेही ओळखेन." तिने मान वर केली आणि भिंतीकडे बघितलं. "ही टेप डेन्व्हरला नेऊन जपून ठेवा. याला किंवा मला पुन्हा कुणी उचलून नेलं, तर तिथल्या पोलिसांना ऐकवा."

हॉल्टने मान डोलावली, कॅसेटवर तारीख लिहिली आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. बेनीताने एलॉयच्या कानावरचा हात काढला नाही.