धुऱ्यापलीकडची जवारी

पार्बताबाईने काष्टा वर खोचला, दोन वावरांमधला धुरा ओलांडला आणि सूर्यभानच्या वावरात उकिडवी बसून मातीतला एक कोंब दोन बोटांत धरला. जवारीचा कोंब सुईसारखा एकटा वर येतो. याला दोन पानं होती, गोल, जाडसर.

सरकी.

"राहिली असन एखादी तिफणीत," ती स्वतःशीच म्हणाली आणि चार पावलं पुढे गेली. तिथेही दोन पानं. पुढच्या ओळीतही तीच. ती वावराच्या मधोमध उभी राहिली. नजर पोचेल तिथवर कापसाची पऱ्हाटी उगवली होती, आणि तीही मेली कशी, दृष्ट लागावी अशी!

तिचा नवरा खुशालराव आणि हा शेजारचा सूर्यभान, दोघांच्या बापांपासूनचा वायदा होता. एका वावरात जवारी, एकात कापूस. पुढच्या साली उलट. आणि जे येईल ते निम्मं-निम्मं. पाऊस काय, आपला थोडाच नोकर आहे? श्रावणात ओढ दिली तर जवारी करपायची, कापूस तग धरायचा. आश्विनात झड लागली तर बोंडं सडायची, पण तोवर जवारीची कणसं भरलेली असायची. काही ना काही घरात यायचंच. यंदा जवारीची पाळी सूर्यभानची होती. पेरणीच्या दिवसांत पार्बताबाई आपल्या वावरात तिफणीमागे सरता धरून बी सोडत होती. पलीकडे काय पेरतात ते डोकावून बघावं असं तिला कधी वाटलंच नाही. घरच्या माणसाच्या ताटात का कोणी डोकावतं?

"बाई, तुमची जवारी कोण्या अंगाले हाय वं?"

सूर्यभानची बायको कौशल्या धुऱ्यावर उभी होती. बाळंतपण उरकून कालच ती हिवरखेडहून, माहेरहून परतली होती. खांद्यावर तान्हं, काखेत रिकामी थैली.

"तुमचं अख्खं वावर पाह्यलं, मले तं जवारी दिसून नाही राहिली."

"आमची जवारी? पाळी तुमची होती, कौशल्ये."

"थे म्हणले, औंदा पाळी बदलली. खुशालभाऊचं वावर सखल हाय, पऱ्हाटी बुडते, म्हणून जवारी तिकडं पेरली."

पार्बताबाईला आधी हसूच आलं. साऱ्या शिवारात उंच वावर त्यांचं. तिथे बेडूकसुद्धा बुडायचा नाही. मग मात्र तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"चाल," ती म्हणाली.

दोघे बहाद्दर निंबाखाली बसले होते, एका चिलमीत दोघे. बायका एकत्र येताना दिसल्या तसा सूर्यभान माती उकरायला लागला.

"मले सांगतलं, सूर्यभान पेरते. हिले सांगतलं, खुशालभाऊ पेरते. मंग पेरली कोणं?"

"अवं, आयक तं," खुशालराव म्हणाला. "तिकडं समुद्रापार लढाई लागली हाय, तिकडचा कापूस येनं बंद झाला. कापसाले असा भाव बापजन्मी कोणं पाह्यला नाही. एक साल जवारी इकत घेऊ."

"इकत द्याले कोणं पेरली हाय?"

खुशालरावने अचलपूरच्या दिशेला हात हलवला. "पेरली असन कोणी ना कोणी."

"आर्द्रा सरली नाही अजून. वावरात वापसा हाय." तिने आवाज चढू दिला नाही. "अर्धं वावर मोडा आन आजच जवारी पेरा. माह्या हातचं बी आणा."

कोणी उठलं नाही. ते बी तिने काढणीच्या वेळी एकेक टपोरं कणीस निवडून राखेत ठेवलं होतं. होळी झाल्यावर खुशालराव ते मागायला आला. आपल्या घरी उंदीर लय, सूर्यभानकडे ठेवतो, म्हणाला. वर गाठोड्यात हात घालून दाणे पाहिले आणि म्हणाला होता, "मोत्यावानी निवडलं वं."

"बी कुठं हाय?"

"वयनी," शेवटी सूर्यभानच बोलला, "उन्हाळाभर कापसाच्या गाड्या खामगावले चालल्या. कडबा सरला. बैल उभे राहत नव्हते..."

"बैलाले चारलं?"

खुशालराव चिलीम उलटी करून ठोकत बसला. तिच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

सरळ सांगितलं असतं, औंदा सारा कापूसच पेरायचा, तर पार्बताबाई भांडली असती, अबोला धरला असता, आणि शेवटी सरताही तिनेच धरला असता. पण ज्या तोंडाने तिच्या निवडीची तारीफ केली, त्याच तोंडाने हा माणूस रोज तिच्या हातची भाकर खात होता आणि पलीकडे जवारी बरी पेरून झाली म्हणून सांगत होता. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळं होतं. याला काय म्हणायचं?

तिने पदराने नाक पुसलं आणि पाठ फिरवली.

"कौशल्ये, चाल. हिवरखेडले जाऊ. तुह्या मायजवळ बी असन. गाडी मी हाकते, या दोघांचं तोंड नाही पायजे मले."

ती धुऱ्यापर्यंत गेली तरी मागे पावलं वाजली नाहीत. कौशल्या तिथेच उभी, तान्ह्याला थोपटत.

"चाल ना वं. उशीर कायले?"

कौशल्या हळूहळू जवळ आली. काखेतली थैली काढून तिने पार्बताबाईच्या हातात दिली.

"मायनं देल्ली, काल निघतानी. म्हणे, आमच्या गावात सारी पऱ्हाटीच हाय, बाई. तुह्या सासरी सालोसाल जवारी राहते, थोडी बियाले धाडजो."

पार्बताबाईने थैली उलटसुलट करून पाहिली. मग ती धुऱ्यावर मटकन बसली.

"किती म्हणे?"

"दोन पायल्या. जास्त नाही."