सिमेंटच्या चार गोण्या

बासिलियाने तीन वर्षं चहात साखर घातली नव्हती. कोपाकबाना गावच्या देवळातल्या माउलीपुढे बोललेला नेम होता तो. रोज पहाटे मेणबत्ती लावायची, जपमाळ ओढायची आणि चहा बिनसाखरेचा प्यायचा, प्रवासाला निघेपर्यंत. प्रवास काही आठ-पंधरा दिवसांचा नव्हता. सेवेरिनोच्या जुन्या मिनिबसमधली बाकडी उपटून तिथे पलंग ठोकायचा, शेगडी बसवायची आणि नवरा-बायकोने निघायचं. पेरू, मग एक्वादोर, मग कोलंबिया. सात महिने लागोत, नाहीतर आठ. आवडेल तिथे राहायचं, कंटाळा आला की गाडी सुरू करायची. तारखा नाहीत, मुक्काम ठरलेले नाहीत. पक्की गोष्ट एकच होती : शेवटी कार्ताहेनाला समुद्र पाहायचा. अठ्ठावन्न वर्षांच्या बासिलियाने समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर नकाशा डकवून तिने लाल लोकरीचा धागा रस्त्याप्रमाणे टाचला होता. सेवेरिनो चिडवायचा, "हा एवढा वाकडातिकडा का? वाटेत प्यायलीस की काय?"

"पुनोला तुझी मावशी राहते. तिला वळसा घातलाय," ती म्हणायची.

पलंग बसला. फुलाफुलांचे पडदे तिने स्वतः शिवून मिनिबसच्या खिडक्यांना लावले. कार्निव्हल झालं की निघायचं होतं.

मग चोवीस जानेवारी उजाडला, आलासितासच्या जत्रेचा दिवस. वर्षभरात जे हवं ते या जत्रेत चिमुकलं मिळतं. घर, गाडी, पासपोर्ट, लग्नाची नवरीसुद्धा. बाराच्या ठोक्याला त्याला धूप दाखवला की ते मोठं होऊन घरी येतं, असं सगळं ला पास शहर मानतं. फक्त स्वतःचं स्वतःला घेऊन चालत नाही. दुसऱ्याने तळहातावर ठेवायचं आणि आपण ते घ्यायचं. म्हणून सव्वाअकराला दोघं जत्रेच्या तोंडाशीच वेगवेगळ्या बाजूंना गेली.

बासिलियाने पत्र्याची मिनिबस उचलली. टपावर बोचकं बांधलेलं, सोबत नखाएवढे दोन पासपोर्ट.

"चाकं फिरतात का गं?" तिने दुकानवालीला विचारलं.

"फिरतात की, मावशी! तुमच्या म्हाताऱ्यापेक्षा भरभर फिरतील."

बासिलिया तोंडावर शाल धरून हसली. त्या दिवशीचं तिचं ते शेवटचं हसू.

देवळाच्या घंटा सुरू झाल्या. निखाऱ्यांची शेगडी पुढ्यात घेऊन एक जाणता म्हातारा बसला होता, त्याच्याभोवती ही गर्दी. सेवेरिनो धापा टाकत आला. बासिलियाने त्याच्या हातावर गाडी ठेवली, म्हाताऱ्याने गाडीवर धूप फिरवला, दारूचे दोन थेंब शिंपडले. सेवेरिनोचे कान लाल झाले होते. त्याने कागदाची पुडी सोडली.

आत बोटाएवढ्या सिमेंटच्या चार गोण्या होत्या. विटांची चळत होती. आणि तीन मजल्यांचं एक घर.

"आपलं घर दोन मजल्यांचं आहे," बासिलिया म्हणाली.

"आपल्या विल्मेरसाठी गं. त्याच्या रोक्सानाला दिवस गेलेत. पोराला वेगळा मजला नको का?"

"आणि आपण निघणार होतो ते?"

"निघू की! पुढच्या वर्षी. प्रवास कुठे पळून चाललाय? तारीख तर आपण ठरवलीच नव्हती."

तिचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता. आताही चढला नाही. "गाडी कुठंय?"

सेवेरिनो घंटांकडे कान असल्यासारखा वर बघत राहिला.

"सेवेरिनो. गाडी कुठंय?"

"विल्मेर चालवतोय. प्रवासी ने-आण करतो. गुरुवारपासून."

"गॅरेजात आहे म्हणालास."

"गॅरेजातच होती. बाकडी बसवायला."

बासिलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नातवंडासाठी तिने स्वतःची खोली रिकामी केली असती, कुणी विचारायचा अवकाश होता. पण मुलाला ठाऊक, सुनेला ठाऊक, बाकडी ठोकणाऱ्या परक्या माणसाला ठाऊक, आणि रोज सकाळी हिच्या हातचा चहा पिताना कुणाच्या तोंडून एक शब्द फुटला नाही! वर आज, ऐन बाराला, तेच हिच्या हातांनी घ्यायला लावायचं. कारण घरात नेमाची बाई हीच. हिने घेतलं की फळणार. तीन वर्षं कडू चहा हिने प्यायचा आणि त्यावर मजला त्यांनी चढवायचा.

"ताई, हात पुढे करा," म्हातारा म्हणाला. "घंटा थांबतील."

तिने दोन्ही हात शालीत घट्ट धरले. "मी हे घेणार नाही."

"अगं, लोक बघतायत," सेवेरिनो कुजबुजला. "धर ना नुसतं. घरी जाऊन भांड हवं तर."

"बघू देत."

घंटा थांबल्या. गोण्या तशाच कोरड्या राहिल्या.

दोघं घरी आली. अंगणात मिनिबस उभी होती. विल्मेर जेवायला आला होता. बासिलियाने दार सरकवलं. चौदा बाकडी. पलंगाच्या फळ्या अंगणाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पण पडदे मात्र तसेच होते, फुलाफुलांचे. ती आत चढली आणि एकेक पडदा काढू लागली.

"आई, जेवायला काय आहे?" विल्मेरने बाहेरून विचारलं.

"तुझ्या बापाने सिमेंट आणलंय. ते खा."

सेवेरिनो दाराशी आला. "पडदे तरी राहू दे गं. प्रवाशांना ऊन लागतं."

"लागू दे."

तिने पडदे घडी करून गाठोड्यात बांधले. स्वयंपाकघरातला नकाशा धाग्यासकट उतरवला. डब्यातून खरा पासपोर्ट काढला, तिचा एकटीचा, आणि सेवेरिनोचा तिथेच राहू दिला. मग चार कपडे गाठोड्यात कोंबले.

"कुठे निघालीस?"

"कोपाकबानाला. माउलीचा नऊ दिवसांचा पाठ आजपासून बसतो. दोन तारखेला तिचा सण."

"अशी अचानक? आज?"

"तारीख आपण ठरवलीच नव्हती ना?"

 पत्र्याची गाडी अजून सेवेरिनोच्या हातातच होती. "आणि नऊ दिवस झाल्यावर?"

"पेरूची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दोन तारखेला देवळापुढे गाड्या आशीर्वादाला उभ्या राहतात. पलंग घालून आलास तर पडदे मी लावीन. बाकडी घेऊन आलास तर आल्या पावली परत जा. मी बसने पुढे जाईन."

"एकटी? बासिलिया, तुला साधं रस्त्याचं कळत नाही!"

"मला तर माझ्याच घरातलं कळत नव्हतं. तरी जगलेच ना?"

"आई, वेड लागलंय का तुला?" विल्मेर ओरडला. "मजल्याचं काय? बाळाचं काय?"

"बाळाला माझा आशीर्वाद आहे. तुला नाही," ती शांतपणे म्हणाली आणि गाठोडं पाठीवर टाकून फाटकाबाहेर पडली. मागून हाका आल्या. तिने वळून पाहिलं नाही. 

दफनभूमीजवळ कोपाकबानाची बस भरत होती. शेजारी एक बाई मोठ्या किटलीतून चहा विकत होती. बासिलियाने पेला हातात घेतला.

"साखर?" बाईने विचारलं.

बासिलियाने मनातल्या मनात माउलीला नमस्कार केला.

"दोन चमचे," ती म्हणाली. "नाही, तीन घाल."

चहा इतका गोड झाला की दात शिवशिवले. राग तसूभरही उतरला नव्हता. तिने पेला तळापर्यंत रिकामा केला, बसमध्ये चढली आणि डावीकडच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला म्हणाली, "उठा हो जरा. मला बाहेर बघायचंय."