पहिल्या फेरीत धिप्पाड गडी

शुक्रवारची सुट्टी. कुवेतमधल्या सालमियात नंदकुमारांच्या फ्लॅटमध्ये पोहे झाले होते, कारण त्यांच्या मैथिलीला बघायला पाहुणे आले होते. हो, अजूनही ‘बघायला’! मुलगी जाब्रियातल्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, चांगली कमावती. तरी तिने ट्रे घेऊन यायचंच. कुवेतला येताना आम्ही लोणच्याच्या बरण्या आणल्या, अक्कल तेवढी गावी ठेवली.

नवरा मुलगा धैर्यशील शर्कमधल्या बँकेत होता, शिकला अमेरिकेत. आल्या आल्या त्याने टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लावायला सांगितलं. तिथे नवे खेळाडू कोणी घ्यायचे याची पाळीपाळीने निवड होते. ती त्याच पहाटे झाली होती आणि धैर्यशीलच्या संघाने पहिल्याच फेरीत एक लाईनमन उचलला होता.

“हा एवढा धिप्पाड गडी कशाला?” नंदकुमारांनी विचारलं. “चेंडू घेऊन पळणारा नको का आधी?”

“काका, तिथेच लोक फसतात! पळणारे नंतरही मिळतात. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे उभा राहून धक्के खाणारा आधी घ्यायचा. तो पक्का, तर टीम पक्की. असा बांधा नशिबाने मिळतो.”

तेवढ्यात मैथिली आली. उंच, रुंद खांद्यांची. धैर्यशीलच्या आईने, दर्शनाबाईंनी, तिला चालायला लावलं, वळायला लावलं. गुरांच्या बाजारात तरी दात बघून सोडतात!

“मुलगी गुणी आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण फोटोत आमचा धैर्यशील हिच्या शेजारी दिसणारच नाही. इथे पोट लहान करायचं ऑपरेशन सर्रास करतात. तेवढं करून घ्या, मग साखरपुडा.”

“तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हाच मी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. रविवारची,” मंदा घाईघाईने म्हणाली. मंदा म्हणजे मैथिलीची सख्खी आई.

मैथिलीला हे आत्ता कळत होतं. तिने आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून बसली.

“मला शुगर नाही, बीपी नाही. कशासाठी कापायचं मला?” ती धैर्यशीलकडे वळली. “तुमच्या त्या लाईनमनला पोट कापायला सांगाल?”

“त्याचं वेगळं आहे गं. त्याच्या जिवावर टीम उभी असते.”

“पॅरालिसिसचे पेशंट माझ्या खांद्याला धरून पुन्हा चालायला शिकतात. नवरा फोटोत दिसावा म्हणून मी टेबलावर आडवी होणार नाही. या आता तुम्ही.”

दर्शनाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “एवढा तोरा? मग ठेवा मुलगी घरातच!” त्या उठल्या आणि अमेरिकेत शिकलेला लेक मुकाट्याने बूट घालून मागे निघाला. मेल्याला खेळ कळतो, माणूस कळत नाही.

“घालवलंस ना चांगलं स्थळ!” नंदकुमार मुलीवर कडाडले.

मंदाने क्लिनिकला फोन लावला. तिथल्या रिसेप्शनिस्ट हिबाने रद्द करायचं कारण विचारलं. “माय डॉटर इज नॉट सिक,” मंदा म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

“अगं, रद्द कशाला? नुसती पुढे ढकल. दुसरं स्थळ आलं आणि त्यांनीही हेच मागितलं तर?” नंदकुमार म्हणाले.

“तर दार मी उघडणार नाही. धडधाकट पोरीच्या पोटावर सुरी चालवायला निघाले होते मी. मी! तिची आई!”

वाचकहो, तुमच्या घरीही अशी एखादी अपॉइंटमेंट ठरलेली असेल. लाज वाटत असेल तर वाटू द्या, पण फोन आत्ता करा.